तीनातला एक विषय सोडायचा

(दृश्य : पाऊस. पत्र्याच्या शेडवर पाण्याचा आवाज. भिंतीला टेकवलेल्या ओल्या छत्र्या.)

जुलैचा पहिला आठवडा. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाट सुरू होण्याआधीचं हे तालुक्याचं गाव. सकाळची एसटी आली की महाविद्यालयाचं फाटक एकदम भरतं. एसटी कधी येते ते मात्र पावसावर.

ऑफिसच्या खिडकीसमोर रांग लागली आहे. ती जाऊ द्या. खिडकीच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीला लागून एक लाकडी बाक आहे, तिकडे बघा. बाकावर एक मॅडम बसल्यात. मांडीवर शंभर पानी वही, हातात कुठल्याशा मुलीचा मोबाइल. मॅडम रसायनशास्त्र शिकवतात. आज अजून एकही तास झालेला नाही, आणि त्या साडेसातपासून इथंच आहेत.

"हा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो गं?"

"पप्पांच्या."

"पप्पा कुठंयत?"

"आवणीला."

भाताची आवणी चालू आहे. पप्पा गुडघाभर चिखलात, मोबाइल बांधावरच्या पिशवीत, आणि बांधावर रेंज असली तर असली. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो.

(दृश्य : मोबाइलचा स्क्रीन, जवळून.)

हा सगळा खटाटोप आहे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यासाठी. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 साली ही बँक सुरू केली. पैशांच्या जागी यात क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची मापं, जमा होतात. 15 तासांच्या थिअरीला एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला 30 तासांमागे एक. मुलगी उद्या दुसऱ्या महाविद्यालयात गेली, तर तिची क्रेडिट तिच्याबरोबर जावीत म्हणून हे 12 आकडी खातं. कल्पना चांगली आहे. पण गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर नाव आधी, आणि वडिलांच्या नावात कुठंतरी एक अक्षर जास्त. खातं उघडतं ते हे सगळं जुळल्यावर. ते जुळवून देणं मॅडमच्या कामाच्या कुठल्याही यादीत नाही.

(दृश्य : मॅडमची वही. आडव्या-उभ्या रेघा, तीन रंगांची शाई.)

ही वही नीट दिसावी म्हणून आम्ही कॅमेरा मुद्दाम खाली आणला. पानाच्या वर विद्यार्थ्याचं नाव, ते आम्ही झाकलं आहे. खाली खुणा. 'विषय राहिला' याला लाल. 'शिष्यवृत्तीचा फॉर्म बाकी' याला निळा. हिरवी खूण कशाची, म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ही मुलं आपणहून येऊन बोलतात." हिरव्या खुणा कमी आहेत.

आता थोडं गणित सांगावं लागेल, कारण त्याच्याशिवाय हा बाक इथं का आहे ते कळणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं 2020 मध्ये. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत लागू झालं, आणि 2024-25 पासून अशा साध्या, संलग्न महाविद्यालयांत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आराखड्यात पहिल्या वर्षी प्रत्येक सत्राची 22 क्रेडिट आहेत. त्यातली 12 तीन मुख्य विषयांची, प्रत्येकी चार. उरलेल्या दहांत ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा पेपर, भाषेचा पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी दोन-दोन क्रेडिटची भर. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यायचं. सायन्सच्या मुलाने कॉमर्सचं घ्यावं, आर्ट्सचं घ्यावं, आवडेल ते. इथं आवडीआधी एसटी येते. आवडीचा पेपर शेवटच्या तासाला असला आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधी सुटत असली, की मूल दुसरा विषय घेतं. मॅडमच्या वहीत म्हणून गाड्यांचं वेळापत्रकही चिकटवलेलं आहे.

खरी अडचण पहिलं वर्ष संपल्यावर येते. तीन विषयांतला एक मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय करायचा, एक मायनर, म्हणजे दुय्यम, आणि तिसरा सोडायचा. एकोणीस वर्षांच्या मुलीने, दोन आठवड्यांत, एका फॉर्मवर.

आमच्या वेळी बीएला 'स्पेशल' विषय असायचा. मी अर्थशास्त्र स्पेशल घेतलं, कारण शेजारच्या बाकावरच्याने घेतलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

(दृश्य : बाकावर दुसरी मुलगी. हातात फॉर्म. पेन उघडलेलं.)

ही दुसऱ्या वर्षाला चाललीय. पहिल्या वर्षी केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी होतं. केमिस्ट्री मेजर लिहायचं असं घरून ठरवून आलीय. गावातली एक ताई सिन्नरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लागली, ती केमिस्ट्रीची होती. कारण एवढंच. आणि खरं तर ते वाईट कारण नाही.

मॅडम लगेच हो किंवा नाही म्हणत नाहीत. आधी दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका बाकावर पसरतात. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला चांगले गुण. केमिस्ट्री दोन्ही वेळा काठावर. "मोलची गणितं आली की तू पान उलटतेस. मी बघितलंय." मुलगी हसते. मग मॅडम विचारतात, कंपनीतच जायचंय की शिकवायचंय? शिकवायचं असेल तर बीएडला पदवीचे विषय बघतात. सरकारी नोकरी डोक्यात आहे? मग एमपीएससीच्या वनसेवेला ठरावीक विज्ञान विषयांची पदवी लागते, त्या यादीत वनस्पतिशास्त्र आहे. एमएस्सी करायची? मग त्या त्या विद्यापीठाची अट आज वाचायची, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नाही.

हे बोलणं आम्ही जवळजवळ पूर्ण ठेवलं आहे. एडिटिंगला बसलो तेव्हा कापायचं ठरलं होतं, कापवलं नाही.

शेवटी मॅडम म्हणतात, "बॉटनी मेजर, केमिस्ट्री मायनर, असा विचार करून बघ. आज लिहू नकोस. चार दिवस दोन्ही वर्गांत बस."

हे वाक्य केमिस्ट्रीच्या मॅडमनी म्हटलंय, हे ध्यानात घ्या. मेजरला मुलं कमी झाली की विभागाचा कार्यभार कमी होतो. कार्यभार कमी झाला की पदावर गदा येते. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक विभाग आपापल्या दाराशी उभा असतो आणि मुलांना आपल्याकडे ओढतो. त्यात कुणाचा दोष म्हणावा? पण सल्ला देणाऱ्याचीच नोकरी त्या सल्ल्याला टांगलेली असते, एवढं खरं. या बाकावरून आज एक विद्यार्थिनी बॉटनीचा विचार करत गेली.

(दृश्य : प्राचार्यांच्या दालनातलं कपाट. कपाटात फायली.)

कपाटातल्या या लाल फायलीवर 'मेंटॉर-मेंटी' असं लिहिलंय. अशी फाइल जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात सापडेल. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, दुसऱ्या निकषात विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक यांचं प्रमाण विचारायचे, त्यामुळे ती असावीच लागायची. आत छापील तक्ता : नाव, रक्तगट, पालकांचा व्यवसाय, छंद. छंदाच्या रकान्यात ओळीने 'वाचन'. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने. यावर मी फार काही बोलत नाही. शंभर पानी वही आणि ही फाइल आम्ही एकाच टेबलावर ठेवून चित्रित केली, तेवढं पुरे.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवावं असं आहे. विद्यार्थ्यांना मार्गदर्शनासाठी वेळ द्यावा, हेही त्याच नियमावलीत आहे. आता स्टाफरूमच्या भिंतीवरचं हे वेळापत्रक बघा. सोमवार ते शनिवार. मार्गदर्शनाची चौकट शोधा.

आणि ह्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास वर्गात, तितक्यांचेच पैसे. बाकावरचा तास कुणी मोजत नाही. त्यांना विचारलं, मग बसता कशाला? त्यांनी उत्तर दिलं नाही. समोर पुढचा मुलगा उभा होता.

(दृश्य : मुलगा, पाठीवर सॅक, पँट घोट्यापर्यंत भिजलेली.)

"मॅडम, मला एमपीएससी करायचीय. कुठलाही विषय चालतो ना?"

राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, बरोबर आहे. पण पदवी मिळावी लागते. त्याचे पहिल्या वर्षाचे दोन पेपर राहिलेत. एटीकेटी लागली, म्हणजे पुढच्या वर्गात बसता आलं, म्हणजे सुटलं, अशी त्याची समजूत. मॅडम कागदावर मांडून दाखवतात : राहिलेले पेपर या सत्रात, नवे पेपरही याच सत्रात, परीक्षा एकाच महिन्यात. मुलगा कागद घडी करून खिशात ठेवतो.

त्याला आणखी एक गोष्ट कुणीतरी सांगितलीय. एक वर्ष करून बाहेर पडलं तरी सर्टिफिकेट मिळतं. मिळतं, पण त्याला पहिल्या वर्षाची किमान 40 क्रेडिट पूर्ण लागतात आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम. पेपर राहिलेल्याला ते दार उघडं नाही. परत यायचं तर पदवी 7 वर्षांच्या आत संपवायची.

दिवाळीनंतर काही मुलं येत नाहीत. ऊसतोडीला जातात, द्राक्षबागेत जातात, मुलींची लग्नं ठरतात.

(दृश्य : रिकामा वर्ग. मागच्या बाकांवर ऊन. निवेदन नाही. 20 सेकंद.)

(दृश्य : पुन्हा पाऊस, पुन्हा तोच बाक. दुपार.)

दोन वाजून गेलेत. मॅडमचा डबा अजून पिशवीत आहे. सकाळची ती मुलगी गेलेली नाही, टाकीजवळ भिंतीला टेकून उभी आहे. अखेर मोबाइल वाजतो. पलीकडे पप्पा. बांधावरून वर, रस्त्याच्या वळणापर्यंत चालत आलेत, तिथं रेंज मिळते. ते एकेक आकडा मोठ्याने वाचतात. मुलगी तो तळहातावर लिहिते. आकडा सकाळचा आहे, कधीच बाद झालेला.

मॅडम मोबाइल आपल्या कानाला लावतात.

"काका, परत एक पाठवते. तिथंच थांबा, फोन हातात ठेवा."