डॅम्पर 'टेम्परेचर कॉम्पेन्सेटेड' आहे म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. इमारती आणि पुलांचे हादरे शोषणाऱ्या, तेलाने भरलेल्या फ्लुइड डॅम्परच्या डेटाशीटवर 'टेम्परेचर कॉम्पेन्सेटेड', म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढलेला, असं बिनधास्त छापलेलं असतं. पण तापमानाचे त्रास दोन आहेत आणि दोघांचे इलाज वेगळे. त्यातला कुठला केलाय, हे आधी विचारा.

डॅम्पर मधोमध कापला तर आत असं दिसतं: स्टीलचा सिलिंडर, आत रॉडला जोडलेला पिस्टन, भोवती सिलिकॉन तेल. पिस्टन सरकला की तेल कडेच्या बारीक फटीतून जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते.

पहिला त्रास दाटपणाचा. 25 अंशांवरचं सिलिकॉन तेल 65 अंशांवर साधारण निम्मंच दाट उरतं, म्हणजे रोधही निम्मा. इलाज साधा आणि सुंदर आहे: पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा करायचा. तो स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. उदाहरणादाखल, पिस्टन 200 मिलिमीटर व्यासाचा आणि फट 0.25 मिलिमीटरची धरा. 40 अंश वाढले की फट सुमारे 0.044 मिलिमीटरने कमी होते. संथ, लॅमिनार (थराथराने वाहणाऱ्या) प्रवाहात रोध फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तो 1.8 पट वाढतो आणि 50 टक्क्यांवर येणारा रोध 90 टक्क्यांच्या आसपास राहतो. ना सेन्सर, ना वीज.

मात्र हे ऋतुमानाच्या बदलाला चालतं. भूकंपात तेल काही सेकंदांत तापतं, धातू मागे राहतो. म्हणून किमान, नेहमीच्या आणि कमाल अशा तिन्ही तापमानांवरच्या चाचण्यांचे आलेख मागा, आणि लागोपाठच्या आवर्तनांत रोध किती घसरतो तेही पाहा.

दुसरा त्रास आकारमानाचा. दहा लिटर तेल 40 अंशांनी तापलं की साधारण 400 मिलिलिटर वाढतं. त्याला जागा नसेल तर दाब शेकडो बारवर जातो आणि सील गळतं. थंडीत उलट, तेल आक्रसून पोकळी झाली की सुरुवातीची हालचाल फुकट जाते. त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर हवा, म्हणजे वाढलेलं तेल सामावून घेणारी आणि आक्रसल्यावर परत देणारी छोटी टाकी. सिलिंडरच्या दोन्ही टोकांतून बाहेर येणाऱ्या आरपार रॉडने, रॉड आत शिरून तेलाची जागा घेण्याचा प्रश्न सुटतो, तेलाच्या प्रसरणाचा नाही. इथे बरेच जण गफलत करतात.

पुलावर आणखी एक भानगड असते. डेक, म्हणजे पुलाचा रस्त्याचा भाग, तापमानाने रोज थोडा सरकतो, वाहनांनी थरथरतो, सील झिजतं. लंडनच्या मिलेनियम ब्रिजवर 2001-02 मध्ये बसवलेल्या 37 व्हिस्कस डॅम्परना म्हणूनच घासणाऱ्या सीलऐवजी धातूची घडीदार बेलोज दिली आहेत.

बसवताना पिस्टन डोळे झाकून मधोमध ठेवू नका. डेकच्या स्थिर टोकापासून 300 मीटरवर दर 10 अंशांना सुमारे 36 मिलिमीटर सरक येते. डेकचं त्या दिवसाचं तापमान मोजा, सरासरीपासूनचा फरक काढा आणि त्या फरकाने जितकी सरक येते तेवढा रॉड आत-बाहेर करूनच जोडणीच्या पिना घाला. पाहणीला गेलात की रॉडवरचा ओला पट्टा बोटाने पुसून बघा. धूळ चिकटलेली तेलकट रेघ असेल तर सील बदलायची वेळ झाली.