आजवा : सयाजीरावांचे सरोवर

बडोद्याहून पूर्वेकडे सुमारे वीस किलोमीटर गेले, की सपाट शेतांपलीकडे मातीचा एक लांबच लांब बांध दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर येईपर्यंत पाण्याची चाहूलही लागत नाही आणि मग पलीकडचा काठ पुसट व्हावा एवढे सयाजी सरोवर एकदम समोर पसरते. हवा स्वच्छ असेल तर दूरवर पावागडही ओळखू येतो. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली मराठी घरे पिढ्यानपिढ्या या सरोवराला आजवाच म्हणत आली आहेत.

सुट्टीची सहल बहुधा पायथ्याच्या बागेत आणि कारंज्यांपाशी संपते. बाग देखणी आहे, यात शंका नाही; तरीही इथवर येऊन बांध न पाहता परतणाऱ्यांबद्दल हळहळ वाटते.

1875 मध्ये दत्तक आलेल्या सयाजीरावांनी 1881 मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा बडोद्याची तहान विहिरी, वावी म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी आणि तलाव यांवरच भागत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचे पाणी शहरात आले. सरोवर शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे ते निमेटा गावामार्गे नळांतून उताराने, आपल्याच भाराने वाहत जाते. विजेचे पंप सर्रास नव्हते त्या काळात एका अख्ख्या नगराच्या पाण्याची सोय केवळ जमिनीचा उतार ओळखून करणाऱ्यांची दृष्टी आजही थक्क करते.

बांधाच्या पाण्याकडील उतारावर दगड बसवलेले आहेत. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा तासन्‌तास येऊन आदळत असतात. हे दगड नसते तर त्यांनी माती केव्हाच खरवडून नेली असती. दगडांच्या फटींत गवत माजते आणि पाण्यालगत पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसलेले असतात. या पाण्यात मगरीही आहेत. त्यामुळे काठावर उतरण्याचा मोह आवरावा, विशेषतः मुले बरोबर असताना.

पावसाळ्यात मात्र सरोवराचे सौंदर्य मागे पडते आणि साऱ्या शहराचे लक्ष एका आकड्यावर खिळते. पाणी 211 फुटांच्या आसपास आले, की घरोघरी 'आजव्याची लेव्हल किती झाली?' ही विचारणा सुरू होते, कारण इथून सोडलेले पाणी विश्वामित्रीला मिळते आणि विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते. काळा घोडा पुलाजवळ तिची धोक्याची पातळी 26 फूट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये मुसळधार पाऊस आणि धरणांतून आलेले पाणी एकत्र झाले, नदीने 35 फूट ओलांडले आणि वस्त्यांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीतल्या मगरी तेव्हा रस्त्यांवर आणि अंगणांत आल्या.

मही आणि नर्मदेचे पाणीही आता बडोद्याला मिळते. पण शहराच्या पूर्व भागाची भिस्त अजून आजव्यावरच आहे. उन्हाळा निभावण्यासाठी सरोवर भरलेले हवे आणि पुरापासून बचावासाठी त्यात जागाही राखायला हवी, असा हा अवघड हिशेब दरवर्षी मांडावा लागतो. सप्टेंबर सरता सरता पाऊस ओसरतो, सरोवर भरलेले असते आणि ती चिंताही निवलेली असते. आजवा पाहायला जायचे ते तेव्हाच, आणि शक्यतो सकाळी, ऊन चढण्यापूर्वी.