नदीकाठी बसायची रीत

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला, बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले, की कृष्णेचं पाणी तुंबतं आणि हळूहळू निवळतं. मग काठाकाठानं गळवाले दिसायला लागतात. वर भिलवडी, डिग्रजपासून सांगलीच्या घाटांपर्यंत, पुढं हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथं, आणि त्याच्याही खाली म्हैसाळच्या बंधाऱ्यापर्यंत. रविवारी तर काही जागी माणसाला माणूस लागून बसलेला असतो. नदी एवढी लांबलचक, मग गर्दी एकाच ठिकाणी का? कारण मासा सगळीकडं थांबत नाही. खोल डोह, पाण्यात बुडालेलं झाड, बंधाऱ्याखालचं फेसाळतं पाणी, ओढा नदीला येऊन पडतो ते तोंड, अशा मोजक्याच जागा त्याला आवडतात. आणि काठावर जी भांडणं होतात, ती माशावरून होतच नाहीत, जागेवरून होतात. आज मला त्या जागेबद्दलच बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काठ कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, हे खरं. पण ‘नदी सगळ्यांची’ म्हणत कुणी कुणाच्या गळावर गळ टाकत असेल, तर ते मला पटत नाही. पाण्यावरचा हक्क कागदानं तयार होत नसला तरी मेहनतीनं तयार होतो, आणि गरजेनं तर नक्कीच होतो. आधी येऊन बसलेल्याचा एक मान असतो, जागा तयार करणाऱ्याचा एक असतो, आणि ज्याची चूल तिथल्या माशावर पेटते त्याचा मान या दोघांच्या आधी.

फिनलंडसारख्या थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठलेली असतात. लोक बर्फावर चालत आत जातात, गिरमिटानं बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. फिनलंडमध्ये साध्या गळानं किंवा बर्फावर बसून मासे धरायला शुल्क लागत नाही, ती मोकळीक सर्वांना आहे. पण मोकळीक आहे म्हणून शिस्त नाही असं नाही. एवढा कडक बर्फ हातानं कोरणं हे कष्टाचं काम. त्यामुळं माणूस भोकाजवळ बसला आहे तोवर ते त्याचं, आणि त्याच्या शेजारी दुसरं भोक पाडायचं तर आधी विचारायचं. गिरमिटाच्या आवाजानं उथळ पाण्यातला मासा बुजतो, हे एक कारण. दुसरं कारण जिवाचं आहे. एका माणसाला चालायला चांगला घट्ट बर्फ किमान चारेक इंच लागतो. सगळे एकाच जागी गोळा झाले तर वजन वाढतं, म्हणून अंतर ठेवायचं. उठून जाताना भोक मोठं असेल तर जवळ एखादी फांदी रोवून खूण करायची, कारण रात्रीतून त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि मागून येणाऱ्याचा पाय थेट आत जातो. मागून येणारा कोण आहे हे माहीत नसतानाही त्याची काळजी घ्यायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडं बर्फ नाही, पण जागा तयार करायचे कष्ट आहेत. जाणकार गळवाला काय करतो? शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि थोडा गूळ मळून त्याचे गोळे करतो आणि दोन-चार संध्याकाळी ओळीनं एकाच जागी सोडतो. मृगळ, सायप्रिनस तळाचं खाणारे मासे. त्यांना त्या जागेची सवय लागते. मग पहाटे त्या पाण्याकडं बघत बसलात, तर एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसते, थांबते, हातभर पुढं पुन्हा सुरू होते. खाली मासा चिखल उकरत चरतोय. ही जागा आपोआप झालेली नाही. आणि अशा जागेवर चारा टाकणाऱ्याच्या आधी पोचून गळ लावणं, तेही त्यानं काल चारा टाकताना आपण पाहिलेलं असताना, याला माझ्या लेखी चोरीच म्हणतात.

आता दुसरी बाजू. चारा टाकला म्हणून जागा कायमची नावावर होत नाही. उजाडायच्या सुमाराला तो आला, तर जागा त्याची. उन्हं वर आली तरी आला नाही, तर जो आला त्यानं बसावं. उशिरानं का होईना, चारा टाकणारा आलाच, तर बसलेल्यानं थोडं सरकून त्याला शेजारी घ्यावं. आदल्या रात्री काठी रोवून किंवा जुनी चप्पल ठेवून जागा धरायची पद्धत मात्र मला अजिबात मान्य नाही. ते एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यासारखं झालं. बसेल त्याची जागा. वस्तू बसत नाही.

कुणी आधीच बसलेला असेल तर तिथं जावं कसं, हेही शिकण्यासारखं आहे. मागून, हळू, आणि पाण्याच्या कडेला न जाता. पावलांचा धप्पधप्प आवाज जमिनीतून पाण्यात उतरतो, सकाळच्या उन्हात आपली लांब सावली पाण्यावर पडते, आणि काठाला आलेला मासा सरळ खोल पाण्यात जातो. जरा मागंच थांबायचं आणि आपल्या नेहमीच्या भाषेत विचारायचं, “काय मामा, गावतंय का?” मामा मान हलवतील, काही सांगतील, किंवा पाण्यावरची नजरही काढणार नाहीत. मग पुढचं: “हितं खालच्या अंगाला बसलं तर चालंल का?” शंभरातला एखादाच नको म्हणतो. बहुतेक जण “बसा की, नदी काय माझी हाय व्हय,” असंच म्हणतात. पण ते त्यांनी म्हणायचं असतं, आपण धरून चालायचं नसतं.

खालच्या अंगाला का, तेही सांगतो. वाहत्या पाण्यात गळ टाकला तिथं राहत नाही, प्रवाहाबरोबर खाली सरकतो. नवा माणूस वरच्या अंगाला बसला, की त्याचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, वाहत येऊन आधीच्याच्या तंगुसात गुंततो. म्हणून मागून आलेल्यानं खाली बसावं. बंधाऱ्यामागच्या तुंबलेल्या पाण्यात हा प्रश्न येत नाही. तिथं गळ आपल्या नाकासमोर टाकला, तिरका नाही, एवढं पुरतं. अंतर किती ठेवावं, याला मोजपट्टी नाही. शेजाऱ्यानं काठी मागं ओढून गळ फेकताना तो आपल्या अंगाला लागणार नाही, एवढं तर हवंच.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला, की खरी परीक्षा. समजा, शिंगटा लागला. तो सरळ ओढून येत नाही. एकदा तळाला जाऊन बसतो, मग एकदम आडवा पळतो, काठाला समांतर, आणि तुमच्या गळाच्या रेषेतून जायला बघतो. त्या क्षणी आपला गळ गुंडाळून बाहेर काढायचा. उठून दोन पावलं मागं सरायचं. ‘ढील दे, ढील दे’ असा कल्ला करायचा नाही. त्याच्या हाताला जे कळतंय ते आपल्याला काठावरून दिसत नाही. त्यानं हाक मारली तरच जाळी घेऊन पुढं जायचं, आणि मासा हातात धरताना जपायचं, कारण शिंगट्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या पंखांना कठीण काटे असतात, ते लागले की हात बराच वेळ ठणकतो. एवढं करूनही दोन तंगूस गुंतलेच तर कापायचा कुणाचा? ज्याच्या गळाला मासा नाही, त्यानं आपला कापायचा. यावर वाद नको.

आता पोटासाठी पाण्यात उतरणाऱ्यांबद्दल. कृष्णेच्या काठानं भोई समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आली आहेत. संध्याकाळी जाळं पाण्यात सोडायचं आणि पहाटे उचलायचं, हा त्यांचा दिनक्रम. पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग तरंगताना दिसते ना, ती कचऱ्याची नाही, त्यांच्या जाळ्याची खूण आहे. तिथं गळ फेकायचा नाही. फेकला आणि अडकला, तर हिसका मारून जाळं फाडायचं नाही. ते शिवायला त्यांचा दिवस जातो, आणि त्या दिवसाचा धंदाही. हाक मारा, थांबा, ते येऊन सोडवून देतात. कुणाचं जाळं ‘बघू काय लागलंय’ म्हणून उचलणं तर फार वाईट. आपण रविवारी विरंगुळ्याला आलेलो असतो. आपल्याला काही मिळालं नाही तर घरी आमटी असते.

ठेक्यानं दिलेल्या तलावांचं गणित आणखी वेगळं. तिथं मच्छिमार सहकारी संस्था मत्स्यबीज आणून सोडते, बोटुकली वाढवते, राखण करते. त्या पाण्यातला मासा हे त्यांचं उभं पीक आहे. शेतातला ऊस विचारल्याशिवाय तोडत नाही, मग तलावातला कटला कसा काढायचा? संस्थेला विचारावं, ते सांगतील ते पैसे द्यावेत, मग खुशाल बसावं. आणि साताऱ्याकडच्या मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं की कोयनेच्या शिवसागर जलाशयाला लागून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्या हद्दीत गळ काय, नुसतं फिरायलासुद्धा परवानगी काढावी लागते.

एका वाटेकऱ्याला आपण मोजतच नाही. तो म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा. जून-जुलैमध्ये पहिला मोठा पाऊस होतो, ओढे गढूळ होऊन धावायला लागतात आणि चढणीचे मासे प्रवाहाच्या उलटे वर निघतात, पोटात अंडी घेऊन. गाबोळीचा मासा चवीला चांगला म्हणून त्या दिवसांत ओढ्याच्या तोंडावर गर्दी उसळते. थोडेफार मासे लोक पूर्वीपासून धरत आले, त्याला माझी हरकत नाही. पण ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावून सगळी वाट अडवायची, एकही मासा वर जाऊ द्यायचा नाही, हे बघवत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं पुराचं वाहतं पाणीच लागतं. ती वाट अडवली, की वरच्या गावांचाही वाटा गेला आणि पुढच्या हंगामाचाही.

मरळीचं तर त्याहून नाजूक. पावसाळ्यात काठाच्या गवतात, पाण्याच्या अगदी वरच्या थराला, लालसर केशरी पिल्लांचा एक पुंजका हलताना दिसतो. सगळी एकदम वर येतात, तोंडं बाहेर काढतात, पुन्हा खाली जातात. त्यांच्या बरोबर खाली मरळ राखणीला असते. त्या वेळी ती गळावर, बेडकावर, कशावरही झेपावते, भूक म्हणून नव्हे तर पिल्लांजवळ काही आलं म्हणून. त्यामुळं तिला धरणं फार सोपं, आणि काही जण मुद्दाम तो पुंजका शोधत फिरतात. मरळ निघाली, की दुसरे मासे ती पिल्लं बघता बघता फस्त करतात. मी हात जोडून विनंती करतो, असा पुंजका दिसला तर गळ तिथून काढा आणि दुसरीकडं बसा.

जिलेटीन फोडणं, पाण्यात विष कालवणं यांबद्दल रीतभात काय सांगायची! १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून ते गुन्हे आहेत. विजेच्या तारा पाण्यात सोडणाऱ्यांमुळं तर माणसंही मरू शकतात. असं कुठं दिसलं तर स्वतः वाद घालू नका, पोलिसांना कळवा.

उठताना जागा कशी सोडता, यावरही मागून येणाऱ्याचं सुख अवलंबून आहे. तुटलेला तंगूस काठावर टाकला तर तो कुजत नाही. बगळा, पाणकावळा त्यात पाय अडकवून घेतो आणि तडफडून मरतो. घाटावर तर जास्तच जपावं. तिथं पहाटे अनवाणी माणसं स्नानाला उतरतात, बायका धुणं घेऊन येतात, पोरं उड्या मारतात. पायरीच्या फटीत राहिलेला एक गळ कुणाच्या तरी टाचेत शिरणार. तंगूस गुंडाळून, गळ डबीत घालून घरी न्यावा. सांगलीच्या आयर्विन पुलासारख्या उंच जागेवरून गळ सोडू नये हेही ओघानं आलं, खालून नाव जाते, माणसं पोहत असतात.

पाणी वाढतंय का, हे एकमेकांना सांगणं ही काठावरची सगळ्यात जुनी माणुसकी. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २१०० क्युसेक पाणी नदीत येतं. ते कराडला कृष्णेत मिसळून खाली येतं. पात्रातल्या खडकावर जाऊन बसलेल्याला मागं पाणी चढतंय हे कळत नाही. ज्याला कळलं त्यानं ओरडून सांगावं, ओळख असो नसो.

आणि शेवटी मगर. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. हिवाळ्यात सकाळी ती ऊन खायला काठावर येते. उन्हाळ्यात मऊ मातीत अंडी घालते आणि त्याच्या आसपास राहते. ती जागा तिची, आपण तिथं गळ लावायचा नाही. मासा काठावर साफ करून आतडी, खवलं पाण्यात टाकायची नाहीत. त्या वासावर ती घाटाकडं येते, आणि उद्या तिथं कुणाचं तरी पोर पाण्यात असतं. संध्याकाळनंतर गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकू नये. मगर दिसली तर वर-खाली बसलेल्या सगळ्यांना सांगा, घाटावर धुणं धुणाऱ्यांना सांगा, गावात सांगा. तिच्यावर दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. १९७२ च्या कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. हा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

नमस्कार.