डायनॅमो काढा, पण फेकू नका

तर मंडळी, विषय ‘जुन्या गाडीचं चार्जिंग’ असा छापलाय आणि पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशी विचारलं, मोबाईलचा चार्जर बसवायचा का? काका, तोही बसेल, पण आधी गाडी घरी तर पोचू दे.

माझी १९५७ची मॉरिस मायनर. लुकास कंपनीचा सी-४० डायनॅमो, म्हणजे इंजिनच्या फिरण्यातून वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, फार फार तर २२ ॲम्प, आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला, आताच्या गाड्यांच्या अगदी उलट. निम्म्या लोकांनी माना डोलावल्या, बाकीचे चहासाठी आलेत, त्यांचंही स्वागत.

जुलै महिना, भोरहून परत येतोय, मागे ही आणि मेव्हणा. कात्रजच्या जुन्या घाटात पुढे ट्रक बंद पडलेला, धो धो पाऊस, रांग हलेना. हेडलाईट चालू, ते मी हौसेने ५५ वॅटचे हॅलोजन टाकलेले, म्हणजे ९ ॲम्प तिथेच गेले, वर वायपर, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे जागच्या जागी हळू चालू. डायनॅमो आयडलला काही देत नाही हो, लाल दिवा नुसता डोळे वटारून बघत बसतो, सगळा खर्च बॅटरीतून. हळूहळू हेडलाईट निरांजनासारखे झाले. वायपर काचेच्या मध्येच थांबला. आणि या गाडीचा पेट्रोलपंपही इलेक्ट्रिक, एसयू कंपनीचा, त्याची टक-टक-टक मला ड्रायव्हिंग सीटवर ऐकू येते, ती टक... टक... झाली आणि मग नाहीच. करंट गेला की पेट्रोलही गेलं! मेव्हण्याने धक्का मारला, बोगद्यापर्यंत. अजून प्रत्येक लग्नात तो विषय निघतो.

पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. घराजवळच्या गॅरेजातला पोरगा, हुशार हो, पण बॉनेट उघडून म्हणतो, ‘काका, तुमची बॅटरी उलटी लावलीय कुणीतरी.’ मी टपरीवर चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्याने ती ‘सरळ’ केली! आता डायनॅमोच्या आत जुन्या दिशेचं चुंबकत्व शिल्लक असतं, बॅटरी फिरवली तर त्याच्या फील्डला, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळीला, क्षणभर करंट देऊन तेही फिरवावं लागतं, ते कोण करणार. रेस केल्यावर कटआऊटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले, जळक्या बेकलाईटचा वास, आणि पोरगा विचारतो, ‘काका, आधी असाच वास यायचा का?’ त्याला ते दाराच्या खांबातून बाहेर येणारे इंडिकेटरचे हातही कुणीतरी मागून बसवलेत असंच वाटत होतं, ते जाऊ दे.

संयोजकांनी चिठ्ठी दिलीय, पाच मिनिटं. अजून मुद्द्यावर आलोच नाही म्हणा.

तर पटकन. मी जुन्या बाजारातून, रविवारी, मारुती ८००चा अल्टरनेटर घेतला, म्हणजे डायनॅमोचंच काम करणारं नव्या पद्धतीचं यंत्र. हा आयडललाही बऱ्यापैकी करंट देतो, कारण डायनॅमोतला कम्युटेटर, म्हणजे करंट गोळा करणारी तुकड्यातुकड्यांची तांब्याची रिंग, यात नाही, म्हणून पुली लहान ठेवून जोरात फिरवता येतो. पण आत डायोड आहेत, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, बॅटरी उलटी लागली की ते क्षणात जातात, म्हणून आधी गाडी निगेटिव्ह अर्थ करा, इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा, रेडिओ असेल तर काढून ठेवा. अल्टरनेटरपासून स्टार्टरच्या स्विचपर्यंत नवी जाड वायर, जुन्या वायरवर भरवसा नको. लाल दिव्याचा बल्ब २.२ वॅटचा साधाच ठेवा, त्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, एलईडी टाकलात तर बरेचदा चार्जिंग सुरूच होत नाही आणि तुम्ही अल्टरनेटरला शिव्या देत बसता. पुल्या एका रेषेत नसतील तर बेल्ट किंचाळेल. डायनॅमोचं चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरचा जुना डबा जागेवर राहू द्या, आतून बायपास, बाहेरून तसाच.

काहीजण म्हणतात ओरिजिनॅलिटी गेली. अहो, डायनॅमो माझ्या कपाटात तेल लावून गुंडाळून ठेवलाय, ब्रॅकेट आणि बोल्टांसकट, गाडीत एकही नवं भोक पाडलेलं नाही, एका रविवारात परत बसेल. प्रदर्शनात ट्रेलरवरून गाडी आणणाऱ्यांनी मला ओरिजिनॅलिटी शिकवू नये. हे जरा जास्त झालं का? बरं.

गाडी खाली पार्किंगमध्येच आहे, मल्टीमीटर खिशात आहे. हेडलाईट, वायपर सगळं लावून आयडलवर दाखवतो, मघाशी १३.८ व्होल्ट होतं. चहा तिथेच घेऊन या, आणि कृपया बॅटरीला कुणी हात लावू नका.