न्यायमूर्ती तारकुंडे : खुर्ची सोडल्यानंतरचं काम

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे सासवडच्या विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्याबद्दल. जन्म १९०९चा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली केली आणि क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी भारावून १९४२ साली चालती वकिली सोडून पूर्णवेळ रॉय यांच्या पक्षाचं काम करू लागले. पुढे मुंबईत पुन्हा वकिली, १९५७ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९६९ नंतरचं आयुष्य. त्या वर्षी, निवृत्तीला अवकाश असताना, त्यांनी राजीनामा दिला आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून उभे राहिले.

मग आणीबाणी आली. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. स्थानबद्धांच्या वकिलांत तारकुंडे होते. २८ एप्रिल १९७६ला निकाल लागला : चार विरुद्ध एक, दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांचं मत वेगळं पडलं. तारकुंडे मात्र थांबले नाहीत. त्याच ऑक्टोबरात, आणीबाणी चालू असतानाच, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्यासाठी एक संघटना उभी राहिली. आज आपण तिला पीयूसीएल, म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणतो. तिचे पहिले अध्यक्ष तारकुंडेच.

१९७७ साली जयप्रकाशांनी त्यांच्यावर आणखी अवघड काम सोपवलं. आंध्रात आणीबाणीच्या काळात नक्षलवादी म्हणून जे तरुण 'चकमकीत' मारले गेले, त्यांचं नेमकं काय झालं ते शोधायचं. त्यासाठी तारकुंडेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, वकील के. जी. कन्नबिरन तिचे निमंत्रक होते. गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुणांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या, असा निष्कर्ष समितीने काढला. लक्षात घ्या, तारकुंडे रॉयवादी मानवतावादी. बंदुकीचं राजकारण त्यांना मुळीच मान्य नव्हतं. तरी मारल्या गेलेल्यांची बाजू त्यांनी देशापुढे मांडली. त्यांच्या साऱ्या कामात मला हे सगळ्यांत मोठं वाटतं.

मुंबईकरांना तर त्यांची आणखी एक केस जवळची वाटेल. १९८१च्या भर पावसाळ्यात फूटपाथवरच्या झोपड्या पाडायचा हुकूम निघाला. कामराज नगर आणि माहीमच्या तुळशी पाईप रोडवरचे रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, सोबत अर्जदार म्हणून पीयूसीएलही होती आणि युक्तिवादाला तारकुंडे. १० जुलै १९८५ला निकाल आला. झोपड्या वाचल्या नाहीत, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत मिळाली. पण पोट भरण्याचं साधन हिरावणं म्हणजे जगण्याचा हक्कच हिरावणं, हे न्यायालयाने मान्य केलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, जे १९७६च्या खटल्यात त्या चौघांपैकी एक होते!

तारकुंडे २२ मार्च २००४ला दिल्लीत गेले. त्याआधी, २००१ साली, पीयूसीएलने आणखी एक याचिका केली होती. गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी, असं का? तारकुंडे तेव्हा नव्वदी ओलांडलेले. ही याचिका नव्या पिढीची. आधार मात्र तोच, जगण्याचा हक्क. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत मुलांना शिजवलेलं अन्न मिळालंच पाहिजे. तोवर आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिले जायचे. जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडी शिजू लागली ती त्यानंतर.