कुंभारणीचं घर आणि फुल रेस

(जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हर्णैला लाँचमालक, तांडेल (लाँच चालवणारे) आणि खलाशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)

मंडळी, पत्रिकेवर व्याख्यानाचा विषय छापलाय, ‘सागरी इंजिनातील उच्चगतीकालीन शक्तिऱ्हास’. हे माझं नव्हे. मला फोनवर विचारलं, काका कशावर बोलणार? मी म्हटलं, फुल रेसला, म्हणजे इंजिन पूर्ण वेगात पळवलं की, लाँच दम टाकते, त्यावर. छापखान्यापर्यंत जाताना त्याचं हे झालं. पाऊण तास मिळालाय, आणि भरती लागली की तुमच्यातले निम्मे आंजर्ल्याच्या खाडीकडे पळणार. तेव्हा वेळेत संपवतो. गेल्या वर्षीही असंच म्हणालो होतो.

जून-जुलैची 61 दिवसांची मासेमारीबंदी संपते, लाँचा बाहेर पडतात आणि माझा फोन वाजायला लागतो. तक्रार एकच. “काका, सावकाश मस्त चालते. रेस वाढवली की दहा-पंधरा मिनिटांत बसते.” मी विचारतो, काय काय बघितलंत? “नोझल काढून दिलेत, डिझेलचा पंप रत्नागिरीला पाठवलाय, हेड उघडतोय.” नोझल म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. म्हणजे पेशंट उपाशी आहे आणि तुम्ही त्याचं पोट फाडून बघताय! अहो, आधी विचारा तरी, जेवलास का?

आता तुम्ही म्हणाल, काका शहाणे. नाही. हे सगळं मी स्वतः करून बसलोय.

पंचवीसेक वर्षं झाली. एका नाखव्याची, म्हणजे लाँचमालकाची, सहा सिलिंडरची लाँच. बंदी उठली, खाडीतून निघाली, सुवर्णदुर्गाच्या बाहेर गेल्यावर फुल रेस दिली आणि अर्ध्या तासात इंजिन कण्हायला लागलं. धूर नाही, ठोका नाही, नुसती रेस उतरली. तांडेलाने जरा वेळ न्यूट्रलला ठेवली, परत बरी. परत रेस, परत तेच. मला बोलावलं. मी नवीन फिल्टर घातले, फरक नाही. नोझल तपासून आणले, फरक नाही. पंप सोडवला आणि एस.टी.च्या टपावर टाकून रत्नागिरीला नेला. तीन दिवस गेले. नाखव्याचं तोंड बघवत नव्हतं. मासळी लागली होती आणि त्याची लाँच खुंट्याला.

त्या लाँचवर चौदा-पंधरा वर्षांचं एक पोर होतं, भांडी घासायला. पहिल्याच दिवशी ते मला म्हणालं होतं, “काका, टाकीचं बूच काढलं की शीळ वाजते.” मी त्याला म्हटलं, तू चहा टाक. चौथ्या दिवशी पंप बसवून आम्ही बाहेर गेलो. फुल रेस दिली. वीस मिनिटांनी इंजिन बसायला लागलं. मी नोझलच्या नटावर पाना लावून बसलेलो, आणि त्या पोराने डिझेल किती उरलंय बघायला काठी घेतली, बूच फिरवलं. फुस्स! हवा आत ओढली गेली ती पाचही खलाशांनी ऐकली. दोन मिनिटांत इंजिन असं उठलं की तांडेल सुकाणावर पडता पडता राहिला. पोर माझ्याकडे बघत होतं. काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

झालं होतं काय? टाकीत हवा जायची जी बारीक नळी वर येऊन वाकलेली असते, तिच्या तोंडात बंदीच्या दोन महिन्यांत कुंभारणीने, त्या मातीची घरं बांधणाऱ्या माशीने, घर केलेलं. करंगळीएवढं, गुळगुळीत, अगदी नीट लिंपलेलं. आमची आजी घरात कुंभारणीचं घर कुणाला मोडू देत नसे. मी ते तारेने फोडलं तेव्हा आजीची आठवण झाली, पण नाखवा बाजूला उभा होता. आणि खरी गंमत पुढे. आधीच्या वर्षांत टाकीचं बूच ढिलं होतं, तिथून हवा शिरत असे. त्या वर्षी पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून बुचाला नवा रबरी वायसर घातला होता. कुणी? मीच.

(हशा)

हसा. पण सावकाश चालताना का कळलं नाही, ते बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे. पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांबरोबर सरळ वाढत नाही. फेरे दुप्पट केले तर ताकद साधारण आठपट लागते. म्हणजे अर्ध्या रेसला इंजिन आठवा हिस्सा काम करतं. ऐंशी टक्के रेसला जेमतेम निम्मं. डिझेलही त्याच हिशेबाने जातं. टाकीतून थोडंच डिझेल ओढायचं असेल तर अर्धी बुजलेली नळीसुद्धा पुरते. आठपट मागितलं की तीच नळी फास होते. म्हणूनच धक्क्यावर न्यूट्रलला पूर्ण रेस दाखवून “बघा, इंजिन ओके” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. न्यूट्रलला पंख्याचं ओझंच नाही.

एक आठवलं. ज्यांच्या नावाने आपण डिझेल म्हणतो ते रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरूनच नाहीसे झाले. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे पैसे शोधायला गेले होते का. परतावा कधी येणार ते मला विचारू नका.

किती वाजले? बाप रे. बरं, भराभर.

टाकीकडून इंजिनाकडे चला, उलटं नको. टाकी बाजूला ठेवा, वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, ओढणारी नळी त्यात आणि उरलेलं डिझेल परत आणणारी नळीही त्यातच, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅनवर फुल रेस धरली तर दोष टाकी, तिची हवेची नळी, कॉक किंवा पहिला फिल्टर यांत. इंजिनाला हात लावायचं कारण नाही. ओढणाऱ्या बाजूला सांधा ढिला असेल तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. कोरडा सांधा बघून फसू नका. पारदर्शक नळीचा हातभर तुकडा जोडा, बुडबुडे दिसतील. टाकीत तळाला पाणी आणि त्यावर काळं शेवाळासारखं बुळबुळीत साचतं, तेही पावसाळ्याचंच. अर्धी टाकी ठेवून लाँच लावू नका, भरून लावा.

कॅनवरही दम टाकला तर धूर बघा. काळा असेल तर हवा कमी किंवा ओझं जास्त. इंजिनाच्या खोलीची झाकणं उघडून चालवा. रेस वाढली तर हवाच कोंडलेली. नाही वाढली तर हवेचा फिल्टर, मग बुडाला धरलेले शिंपले, पंख्यात अडकलेला जाळ्याचा दोर, वाकलेलं पातं. दुसऱ्याचं बघून मोठा पंखा बसवला असेल तर मला फोन करू नका. धुराच्या वाटेवरचा कोपर कार्बनने बुजतो, तो सोडवून आत बोट घाला. एवढं झाल्यावर नोझल, मग पंप. हेड सगळ्यात शेवटी.

मागे बसलेले आउटबोर्डवाले, होडीच्या मागे बाहेरून इंजिन लावणारे, तुमचं राहिलंच. रेस बसली की नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. इंजिन उठलं तर पेट्रोल पोचत नाहीये. फुगा स्वतःच चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला, आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. आणि रेस चढते पण होडी पळत नाही, तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. ते निराळं दुखणं.

उठताय ना, उठा. बारीक जाळीचे तुकडे आणि बांधायला तार आणलीय, दाराजवळच्या टेबलावर आहे. हवेच्या नळीच्या तोंडाला बांधायची. एका लाँचेला एकच घ्या, गेल्या वर्षी पुरले नव्हते.