चांदणी चौक ते विळे: मुळेच्या काठाने कुंडलिकेच्या खोऱ्यात

(दृश्य: चांदणी चौक, सकाळची वाहतूक, उंचावरून)

कोथरूडची चढण संपते तिथे पुणे शहर संपते, असे पूर्वी मानले जाई, आणि ते संपल्याची खूण म्हणजे चांदणी चौक. मुंबई–बंगळूर महामार्ग, बावधन, वारजे, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि मुळशी या सगळ्या दिशांची वाहने येथे एकमेकांना छेदत असत. येथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी पाडण्यात आला. तो एका दणक्यात काही खाली आला नाही, उरलेला सांगाडा यंत्रांनी तोडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बहुमजली उड्डाणपुलाचे लोकार्पण झाले. आज येथून जाणाऱ्या नवख्या चालकाची नजर रस्त्यापेक्षा दिशादर्शक फलकांवर अधिक असते, कारण एक फाटा चुकला तर बराच वळसा पडतो.

या चौकातून पश्चिमेकडे निघणारा रस्ता हा या चित्रफितीचा विषय आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मुळशी आणि ताम्हिणी अशी गावे घेत तो सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो, घाट उतरून रायगड जिल्ह्यात विळे येथे कुंडलिका नदीच्या खोऱ्यात येतो आणि तेथून माणगावमार्गे दिघी बंदराकडे जातो. कित्येक वर्षे राज्यमार्ग असलेल्या या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ हा क्रमांक मिळाला आहे. बोलण्यात मात्र तो अजूनही अलीकडे ‘पौड रोड’ आणि पलीकडे ‘ताम्हिणीचा रस्ता’च आहे.

शहराने या रस्त्याचा माग धरला त्याला आता काही दशके झाली. मार्च २०२२ मध्ये कोथरूडच्या वनाझपासून मेट्रो धावू लागली, पण त्याच्या कितीतरी आधी वस्ती चांदणी चौकाची खिंड ओलांडून पलीकडे उतरली होती. भूगावात तालीम आणि कुस्तीचा नाद जुना आहे. डिसेंबर २०१७ मधली महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच गावात भरली होती. त्याच गावात आज बारा-बारा मजल्यांच्या इमारती, मंगल कार्यालये आणि बांधकाम साहित्याची दुकाने रस्त्याला खेटून उभी आहेत. भूगाव आणि भुकूम यांच्या मधली शीव आता फलक वाचल्याशिवाय कळत नाही.

पिरंगुटचा लहानसा घाट उतरला की कारखाने सुरू होतात. पाळी सुटण्याच्या वेळी येथे कामगारांच्या बसगाड्या, टेम्पो आणि दुचाकी एकाच वेळी रस्त्यावर येतात आणि पुढची पाच किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्ये जातात. या पट्ट्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

(दृश्य: पौड, तहसील कार्यालयाबाहेरचा रस्ता)

तालुका मुळशी, पण तालुक्याचे ठिकाण पौड. तहसील कचेरी, न्यायालय, पंचायत समिती असे सगळे येथे आहे. कचेरीच्या आसपास झेरॉक्सची दुकाने, मुद्रांक विक्रेते आणि वकिलांचे फलक यांची गर्दी दिसते, आणि या तालुक्यात गेल्या तीसेक वर्षांत काय घडले याचा पुरावा त्याच गर्दीत आहे. सातबारा, फेरफार, मोजणी, हद्दीच्या खुणा, गुंठेवारी हे शब्द येथल्या चहाच्या टपरीवरही सहज कानावर पडतात. पिढ्यान्‌पिढ्या पायली-मणाच्या हिशेबात बोलणारा शेतकरी गुंठ्यांच्या हिशेबात बोलू लागला. कोणाचे घर झाले, कोणाची गाडी आली, आणि विकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गृहसंकुलात कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली. ‘गुंठामंत्री’ म्हणून या माणसाची पुण्यात थट्टा होते. जमिनीचा भाव ठरवणारे आणि ती विकत घेणारे बहुतेक शहरातलेच असतात, ही गोष्ट त्या थट्टेत सोयीस्करपणे गळून जाते.

पौडपासून रस्त्याला मुळा नदीची सोबत मिळते आणि खऱ्या अर्थाने मावळ सुरू होतो. रस्ता नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे चालला आहे, पण चढ जवळजवळ जाणवत नाही. दोन्ही अंगांना भातखाचरे आहेत. जूनच्या आधी येथे आलात तर खाचरांच्या एका कोपऱ्यात जळालेल्या मातीचे काळे चौकोन दिसतील. हा राब. झाडांचे तोडलेले टहाळे, पालापाचोळा आणि शेण यांचा थर पसरून त्यावर माती टाकतात आणि तो भाजतात, म्हणजे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. पाऊस पडला की त्याच तुकड्यात रोप वाढवायचे आणि ते हातभर झाले की उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात आवणी करायची. इंद्रायणी जातीचा भात हे येथले सध्याचे चालते पीक. आंबेमोहोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी तो उंच वाढून वाऱ्याने लोळतो आणि उतारा कमी देतो, म्हणून घरच्या पुरता लावणारेच अधिक.

(दृश्य: मुळशी धरणाची दगडी भिंत, मागे जलाशय)

मुळशीचे धरण आले, की या रस्त्याने जाणाऱ्या माणसाने थोडे थांबावे असे आम्हाला वाटते.

टाटांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर नीला आणि मुळा या नद्यांच्या पाण्यावर वीज तयार करण्याची योजना हाती घेतली. वीज मुंबईसाठी होती. जमीन जाणार होती ती त्या काळी ‘मुळशी पेटा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खोऱ्याची. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या योजनेखाली येत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी होते, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. धरणाच्या विरोधात संघटितपणे उभे राहिलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांमध्ये मुळशीची गणना होते.

हा लढा हरला कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. गांधीजींनी टाटांना जाहीर आवाहन केले, काही काळ काम थांबलेही. पण सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला आणला आणि जमीन जाण्याचा मार्ग मोकळा झाला. शिवाय ज्या जमिनीसाठी शेतकरी जीव द्यायला निघाले होते, त्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला चांगली नुकसानभरपाई पुरेशी होती. ती ठरल्यावर शहरातला पाठिंबा ओसरला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मूठभर साथीदारांसह धरणाच्या कामावरची आगगाडी अडवून हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण पूर्ण झाले, १९२७ मध्ये डोंगरापलीकडे कोकणात भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि खोरे पाण्याखाली गेले. बापटांच्या नावाचे रस्ते पुण्यात आहेत, तसेच ती वीज जिथे गेली त्या मुंबईतही आहेत. मुळशीत विस्थापित झालेल्यांच्या नातवंडांना मात्र आपले मूळ गाव दाखवायचे झाले तर पाण्याकडे बोट दाखवावे लागते.

या धरणाचे पाणी आपल्या स्वाभाविक वाटेने गेले असते, तर मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात मिळाले असते. प्रत्यक्षात ते बोगद्याने डोंगराच्या आरपार पश्चिमेला नेले जाते आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे जनित्रांवर सोडले जाते. म्हणजे पुण्याहून निघालेला रस्ता ज्या दिशेने घाटमाथा ओलांडतो, त्याच दिशेने हे पाणीही ओलांडते, फक्त डोंगराच्या पोटातून. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची तहान वाढत चालली तसे हे पाणी पूर्वेकडे परत वळवावे अशी मागणी वारंवार होते. शंभर वर्षांपूर्वी या खोऱ्यावर मुंबईची गरज चालून आली होती, आता पुण्याची आली आहे. मुळशीकरांना काय हवे, हा प्रश्न दोन्ही वेळा तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

(दृश्य: जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता, पाऊस)

धरणापुढे जलाशय उजव्या हाताला ठेवून रस्ता वळणे घेत पळसे, निवे असा जातो. पाण्याचा देखावा दिसेल अशा प्रत्येक उंचवट्यावर हॉटेल किंवा रिसॉर्ट झालेले आहे. निव्यापाशी एक रस्ता उत्तरेला पिंपरी, भांबर्डे आणि पुढे लोणावळ्याकडे फुटतो. घनगड आणि तैलबैलाला जाणारे तिकडे वळतात. आपला रस्ता सरळ ताम्हिणीत शिरतो.

पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराच्या वर्षाच्या तीन चतुर्थांश पाऊस एका दिवसात, तोही गाडीने जेमतेम दोन तासांवर. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कोकणाच्या सपाटीवरून येऊन या उभ्या कड्याला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच मोकळे होतात. पौडला पोहोचेपर्यंत त्यांच्यातले बरेचसे पाणी सरलेले असते.

एवढ्या पाण्यापुढे रस्ता टिकवायचा कसा, याचे उत्तर डांबरात नाही, ते गटारात आहे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाच्या एकावर एक थरांचा बनलेला आहे आणि दोन थरांच्या मध्ये जागोजाग तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. डोंगराच्या अंगाच्या गटारात पाला, मुरूम आणि पर्यटकांनी फेकलेल्या बाटल्या साचल्या, की पाणी मोरीपर्यंत पोहोचतच नाही. ते रस्ता आडवा ओलांडते आणि दरीच्या अंगाची साइडपट्टी खालून पोखरते. वरून डांबर शाबूत दिसते आणि खाली भराव गेलेला असतो. पहिल्या पावसाआधी फावड्याने गटार साफ करणारे चार मजूर या घाटासाठी जे करतात, ते नंतर लाखो रुपयांच्या संरक्षक भिंतीलाही जमत नाही, असे आमचे मत आहे.

धोका केवळ पावसाळ्यातलाच नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी, कोरड्या हवेत, लग्नाला निघालेली एक खासगी बस या घाटात उलटून पाच जणांचा मृत्यू झाला. चढ सौम्य असल्यामुळे पुण्याकडून येणाऱ्या चालकाला आपण घाटात आलो आहोत हेच उशिरा कळते, आणि तीव्र वळणांचा उतार एकदम समोर येतो.

(दृश्य: घाटातले जंगल, शेकरूचे घरटे)

घाटाच्या परिसरातले सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगल २०१३ मध्ये ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. उंच झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला, तर ते शेकरूचे घरटे असण्याची शक्यता अधिक. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, आणि फांद्यांवरून फांद्यांवर जाणारा हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असणे ही त्याची गरज आहे. रस्ता रुंद करण्याचा विषय निघतो तेव्हा सर्वांत आधी याच फांद्या तुटतात.

घाट उतरताना डोंगररांगेवर कुर्डूगडाचा सुळका दिसतो. मोटाररस्ता होण्याच्या कितीतरी आधीपासून देश आणि कोकण यांच्यामधल्या पायवाटा येथून जात होत्या आणि हा किल्ला त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी होता; मोसे खोऱ्याच्या बाजी पासलकरांशी त्याचे नाव जोडले जाते.

विळ्याच्या फाट्यावर रस्ता दुभंगतो. डावीकडचा निजामपूरवरून माणगावला जातो, आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे निघालेले पुणेकर तिकडे वळतात. उजवीकडचा पाटणूस, भिरा अशा गावांवरून कोलाडला निघतो. वीजगृहातून सुटलेले मुळशीचे पाणी याच बाजूला कुंडलिकेत येते. कोलाडजवळ पर्यटक ज्या वेगवान प्रवाहात रबरी होड्या घालतात, तो प्रवाह या सुटलेल्या पाण्याचा असतो. म्हणून होड्यांची वेळ नदीवर नाही, तर वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर ठरते. त्याखाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावर पाणी अडवून ते कालव्यांत सोडले जाते, त्यावर कोकणातली शेतकरी कुटुंबे उन्हाळी भात घेतात, आणि उरलेले रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते.